बाळंतिणीचं एचबी कुणी तपासतंय का? (खान्देशातल्या माय-बहिणींसाठी)

गिरणाई (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. मी चाळीसगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढणं, मशीनला लावणं, रिपोर्ट देणं हे रोजचं काम. हा विषय फार दिवसांपासून डोक्यात घोळतोय, आज लिहिते.

आमच्याकडे गरोदर बाया नियमित येतात. पहिल्या तपासणीला एचबी (हिमोग्लोबिन, म्हणजे रक्त किती भरलंय ते सांगणारा आकडा), पाचव्या-सहाव्या महिन्यात एचबी, नववा लागला की एचबी, भरती व्हायच्या दिवशी पुन्हा एचबी. घरचे विचारतात, "किती भरलं? वाढलं का?" सासू विचारते, नवरा विचारतो. आणि डिलिव्हरी झाली की तीच बाई आमच्या रजिस्टरमधून गायब होते. परत दिसते ती बाळाला ताप आला, बाळाला कावीळ वाटते म्हणून. रक्त बाळाचं काढायचं असतं, पण मांडीवर घेऊन बसलेल्या आईकडे बघितलं की पोटात कालवतं. ओठ पांढरे, नखं पांढरी, जिना चढून आली तर बोलताना धाप. मी खालची पापणी ओढून बघते. आत लालसर दिसायला हवं तिथे पार फिकट असतं. "ताई, तुमचं एचबी केलं का नंतर?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही, आता कशाला? डिलिव्हरी तर झाली."

गेल्या पावसाळ्यात अशीच एक मुलगी आली होती, वय विशी-बाविशीतलं. बोलता बोलता ओच्यातून कच्चे तांदूळ काढून तोंडात टाकत होती. आई म्हणाली, "तिले नादच लागेल शे." तो नाद नव्हे. रक्त कमी झालं की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे लक्षण आहे. डॉक्टरांना विचारून तिचं रक्त तपासलं, एचबी सातच्या आसपास. बाळ दोन महिन्यांचं. त्या दोन महिन्यांत तिला "आळशी झाली", "बाळाकडे लक्ष नाही", "सारखी रडते" असं सगळं ऐकून झालं होतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं, देशात ५७ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बाया गरोदर राहण्याआधीच रिकाम्या खिशाने निघालेल्या असतात. गरोदरपणात बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. वर डिलिव्हरीत रक्त जातं. आणि नेमकं तेव्हाच आपण लोहाच्या गोळ्या बंद करतो!

माझं म्हणणं एवढंच आहे. बाळाला दीड महिन्याचा डोस द्यायला आपण चुकत नाही. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी आईचंही एचबी करून घ्या. दीड महिना म्हणजे सव्वा महिना उलटून चार-पाच दिवस. बाळंतीण बाजेवरून उठलेली असते, घराबाहेर पडायला कुणाची हरकत नसते. तुमच्याकडे काय चालतं, तुमचे अनुभव काय, लिहा.

---

पांझराकाठची (धुळे)

गिरणाई, तुम्ही माझ्याच घरातलं लिहिलंत. माझी पहिली डिलिव्हरी नॉर्मल झाली, दुसऱ्या वेळी सिझर. दोन्ही वेळा माहेरी, साक्रीकडे. फाईल, गोळ्यांच्या पट्ट्या, सगळं सासरी धुळ्यात कपाटात राहिलं. सासरच्या आशाताईला वाटलं मी माहेरी गेले, तिथली बघेल. माहेरच्या आशाताईच्या वहीत माझं नावच नव्हतं. मधल्या मध्ये मी तशीच.

सिझरनंतर मला वाटायचं की टाक्यांमुळे अंगात त्राण नाही. रात्री बाळाला घ्यायला उठलं की डोळ्यासमोर अंधारी यायची, भिंत धरून उभी राहायचे. छातीत इतकं धडधडायचं की कानात ऐकू यायचं. आई म्हणायची, "होतं बाई, बाळंतपण म्हणजे दुसरा जन्म." तिसऱ्या महिन्यात पायरीवर चक्कर येऊन पडले तेव्हा तपासलं, ७.८ निघालं. मग लोहाचं सलाईन लावलं. महिन्याभरात फरक पडला तेव्हा कळलं की आधीचं जगणं आजारपणाचं होतं. ते मी थकवा म्हणून अंगावर काढत होते.

माहेरी जाताना कपड्यांच्या बॅगेत आधी फाईल आणि गोळ्या ठेवा, हे मी आता प्रत्येक जावेला-भावजयीला सांगते.

---

मायघर (अमळनेर)

मी या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी, नातवंडं आहेत. आमच्या पिढीवर सगळे खापर फोडतात म्हणून लिहिते. माझी सासू म्हणायची, "आम्हना टाईमले कोठे व्हत्यात गोया? तरी पाच पाच पोरे व्हयनात ना!" झाली पोरं, खरंय. पण त्याच सासूच्या दोन जावा बाळंतपणात गेल्या, तेही तिनेच सांगितलेलं. कशाने गेल्या? "रगत गयं." एवढंच कारण घरात माहीत. त्यांचं नाव घेऊन कुणी गोळ्यांना विरोध करू नये, असं मला वाटतं.

आता खाण्याचं. आमच्याकडे बाळंतिणीला बाजरीची भाकर, तूप, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, खारीक-खोबरं. हे सगळं चांगलंच आहे, ते सोडू नका. आळिवात लोह चांगलं असतं, खिरीवर नाही तर जेवताना लिंबू पिळून द्या. पण पथ्याच्या नावाखाली काय काय बंद होतं ते बघा: पालेभाजी नको, बाळाला हगवण लागेल. डाळ नको, वात होईल. फळ नको, थंड. पाणी जास्त नको, पोट सुटेल. मग खायचं काय? नुसतं तूप-भाकर आणि चहा? मी माझ्या दोन्ही सुनांना पहिल्या आठवड्यापासून अंबाडीची भाजी दिली, लोखंडी कढईत शिजवून. आंबट भाजी लोखंडात शिजली की कढईचं थोडं लोह तिच्यात उतरतं. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, उडदाचं कळण, मटकी-चवळीची उसळ, सगळं दिलं. नातवाला काही झालं नाही.

अजून एक सांगते. पोरीले भूक लागनी का पोटभर जेवू द्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई आमच्या खान्देशात अजून आहे, आणि बाळंतिणीचं ताटही कधी कधी शेवटीच वाढलं जातं.

---

केळीवाला (रावेर)

पुरुषाने इथे लिहिलं तर चालेल ना? माझ्या मिसेसचं बाळंतपण होऊन तीन आठवडे झाले. दवाखान्यातून लाल गोळ्या दिल्यात, पण ती घेत नाही. म्हणते संडासला काळं होतं, पोट गच्च होतं, मळमळतं. घरात सगळे म्हणतात गोळ्या गरम पडतात, त्यापेक्षा डाळिंब आणि बीट दे, रक्त वाढतं. मी रोज बाजारातून डाळिंब आणतोय. बरोबर करतोय का?

---

डॉक्टरीण (जळगाव)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. केळीवाला, आवर्जून विचारलंत, बरं वाटलं.

डाळिंब-बीट खाऊ द्या, फळ म्हणून छान. पण त्यांचा रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. दोन्हींत लोह थोडंच असतं. गुळाचंही तसंच, लोक समजतात त्याहून फार कमी. एकदा रक्त कमी झालं की फक्त जेवणाने ते भरून यायला खूप वेळ जातो आणि तोवर अंगावर बाळ पीत असतं. गोळी लागतेच.

संडास काळी होणं हे गोळी चालू असल्याचं चिन्ह आहे, घाबरायचं कारण नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्या. रिकाम्या पोटी जास्त शोषली जाते हे खरं, पण उलटी होऊन फेकून देण्यापेक्षा जेवणानंतर घेतलेली बरी. बद्धकोष्ठतेला पाणी, पालेभाजी, भिजवलेले मनुके. तरीही झेपत नसेल तर गोळी बंद न करता डॉक्टरांना विचारा. आम्ही गोळीचा प्रकार बदलतो, कधी एक दिवसाआड द्यायला सांगतो, कधी सलाईनचा मार्ग घेतो.

दोन गोष्टींमुळे गोळी वाया जाते. एक चहा. आपल्याकडे बाळंतिणीला दिवसातून चार-पाच वेळा आलं-गवती चहा घातलेला चहा मिळतो आणि गोळीही त्याच्याच घोटाबरोबर गिळली जाते. चहातल्या द्रव्यांनी लोह आतड्यात अडकतं. गोळीच्या आधी आणि नंतर तास-दीड तास चहा नको, लिंबूपाणी चालेल. दुसरी कॅल्शियमची गोळी. ती आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा. दोन्ही एकाच पुडीत बांधून देतात आणि बायका एकाच वेळी गिळून मोकळ्या होतात. कॅल्शियम सकाळी-दुपारी जेवणाबरोबर, लोह रात्री, असं बसवून घ्या.

किती दिवस? २०१८ पासून चालू असलेल्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज एक लाल गोळी सांगितली आहे. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ही मात्रा एचबी चांगलं असलेल्या बाईसाठी. कमी असेल तर दिवसाला दोन गोळ्या, पण ते तपासून ठरवायचं.

आकडे सांगते म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर कळेल. डिलिव्हरीनंतर लगेचच्या दिवसांत १० च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतो. दीड महिन्यानंतर ते १२ किंवा त्याहून वर हवं. ८ च्या खाली गेलं तर तीव्र रक्तक्षय, मग गोळ्यांच्या भरवशावर राहायचं नाही. आयर्न सुक्रोजचं सलाईन काही दिवसांच्या अंतराने अनेकदा द्यावं लागतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे दुसरं लोहाचं सलाईन एकाच वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, बाटली अर्ध्या तासाच्या आत संपते आणि पुढे अर्धा तास देखरेखीखाली बसवतात. रक्त चढवायचं की नाही हे आकड्यावर आणि बाईच्या अवस्थेवर ठरतं. दम लागतोय, नाडी जोरात आहे, रक्तस्राव चालू आहे, तर वाट बघत नाही.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं: गोळ्या चालू केल्यावर एचबी साधारण तीन-चार आठवड्यांत एकाने वाढतं. १२ झालं की बाया गोळ्या थांबवतात. थांबवू नका, पुढे तीन महिने चालू ठेवा. एचबी म्हणजे स्वयंपाकघरातला पिठाचा डबा, शरीरातला साठा म्हणजे कणगी. डबा भरला तरी कणगी रिकामीच असते.

---

केळीवाला (रावेर)

डॉक्टर, मनापासून आभार. आजपासून चहा आणि गोळी वेगळी केली. एक विचारायचं राहिलं. आई म्हणते की गोळीने दूध गरम होतं आणि बाळाला त्रास होतो.

---

डॉक्टरीण (जळगाव)

नाही. दुधावर गोळीचा वाईट परिणाम होत नाही, बाळाला ती बाधत नाही. उलट रक्त कमी असलेली आई लवकर थकते, तिला जंतुसंसर्ग लवकर होतो, टाके भरायला वेळ लागतो, आणि मन उदास राहण्याचं प्रमाणही वाढतं. बाळंतपणातलं सगळं रडणं मनाचंच असतं असं समजू नका, एकदा रक्तही बघा. पण रक्त सुधारूनही बाई झोपत नसेल, बाळाजवळ जायला घाबरत असेल, जीव नको म्हणत असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचार वेगळे. लगेच दवाखान्यात न्या.

जाताना रक्तस्रावाचं सांगते. पहिले चोवीस तास उलटले म्हणजे धोका गेला असं नाही, पुढे कित्येक आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गाठी पडताहेत, घाण वास आणि ताप आहे, तर रात्र असो की पाऊस, १०२ किंवा १०८ ला फोन करा. "बाळंतिणीचं जातंच" म्हणून घरी बसू नका.

---

सातपुड्याची लेक (धडगाव)

वरचं सगळं पटलं. पण आमच्याकडचा एक मुद्दा राहून जातोय, तो फार महत्त्वाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यात, आणि धुळे-जळगावच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात, भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. इथे एचबी कमी निघालं की प्रत्येक वेळी कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही.

माझी मावसबहीण वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात होती. हातापायाचे सांधे दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, एचबी आठच्या वर जायचंच नाही. बाळंतपणात प्रचंड अंगदुखी झाली तेव्हा सिकलसेलची तपासणी झाली. ती नुसती वाहक नव्हती (वाहकाला स्वतःला आजार नसतो, पण तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो), रुग्णच होती. अशा रुग्णाला आधी अनेकदा रक्त चढवलं असेल तर शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं. तिला वर आणखी लोह द्यायचं की नाही हे तपासूनच ठरवावं लागतं. फॉलिक अ‍ॅसिड मात्र तिला लागतंच.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आपल्या आश्रमशाळांत, उपकेंद्रांत त्याच्या तपासण्या होतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन आधी प्राथमिक चाचणी करतात, त्यात काही आढळलं तर खात्री करायला लॅबमधली पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, होते. आपल्या पाड्यावरच्या प्रत्येक बाळंतिणीने, शक्य असेल तर गरोदर असतानाच, ही तपासणी करून घ्यावी. नवऱ्याचीही करावी, कारण दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

आणखी एक. दिवाळी झाली की आमच्याकडून गाड्या भरून माणसं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जातात. ओली बाळंतीणही जाते, बाळ झोळीत. तिथे ना गोळी, ना आशाताई. निघताना किमान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या, देतात.

---

आशा_कार्यकर्ती (शिरपूर तालुका)

नाव लिहीत नाही, पण मी आशा आहे. पांझराकाठच्या ताईंनी लिहिलंय ते खरं आहे, माहेर-सासरच्या मध्ये बाई हरवते. म्हणून सगळ्यांना सांगते: तुम्ही जिथे राहताय त्या गावच्या आशाला निरोप द्या. नोंद दुसरीकडे असली तरी गोळ्या मिळतात. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सोबत हवं.

दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतो. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. लोकांना वाटतं आम्ही फक्त बाळाचं वजन करायला येतो. आई कशी आहे, रक्त किती जातंय, ताप आहे का, हेही आम्ही विचारायचं असतं. पण अडचण अशी की बाळंतीण आतल्या अंधाऱ्या खोलीत, शेगडी पेटलेली, आणि दारात सासू. "ती झोपेल शे, बाळ ह्या घ्या." मग आईला न बघताच परत यावं लागतं. मी आता बाळ उजेडात बघायचंय म्हणून दोघींना ओट्यावर आणायला लावते. उजेडात आल्यावर चेहरा फिक्का आहे की नाही ते लगेच कळतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीची तपासणी, औषधं, लागलं तर रक्तसुद्धा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. आदिवासी भागात अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते जेवण घरी डब्यात नेलं की सगळ्यांत वाटलं जातं, म्हणून मी बायांना अंगणवाडीतच बसून जेवायला सांगते.

मशेरीचंही बोलायला हवं. आमच्याकडे कितीतरी बाया बाळंतपणातही मशेरी लावतात. भूक मरते, जेवण कमी जातं. गोळी देऊन मी थकले तरी मशेरी सुटल्याशिवाय ताट रिकामं होत नाही.

---

गिरणाई (चाळीसगाव)

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. आशाताई, तुमची ओट्याची युक्ती मी इथल्या ताईंना सांगणार.

लॅबच्या बाजूने एक भर घालते. नुसतं एचबी न करता जमलं तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची तपासणी, करा, खर्चात फार फरक पडत नाही. त्यात एमसीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे लाल पेशींचा आकार. तो लहान असेल तर बहुतेकदा लोह कमी असतं, पण थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहकही तसेच दिसतात. मोठा असेल तर बी-१२ किंवा फॉलिकची कमतरता असू शकते. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघतं. अशा बाईला लोहाच्या गोळ्या कितीही द्या, एचबी हलत नाही.

---

उधना_सुरत

आम्ही मूळ शहाद्याचे, सुरतला लूमवर कामाला. बायको आणि बाळ अजून गावी आहेत, पुढच्या महिन्यात इकडे आणतोय. गोळ्या महाराष्ट्राच्या, इकडे मिळतील का? आणि दुसऱ्या बाळाचं लगेच बघू नका म्हणतात ते खरं का? घरच्यांना घाई आहे, पहिली मुलगी आहे.

---

डॉक्टरीण (जळगाव)

गोळ्या केंद्राच्या कार्यक्रमातल्या आहेत, गुजरातेतही त्याच. सुरतच्या शहरी आरोग्य केंद्रात कार्ड दाखवा.

दुसऱ्या बाळाबद्दल: एका बाळंतपणानंतर पुन्हा गरोदर राहायला किमान २४ महिन्यांचं अंतर ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठा भरून यायच्या आत पुन्हा दिवस राहिले तर आई आणखी खोल जाते, बाळ कमी वजनाचं होतं. तोवर गर्भनिरोधक काय वापरायचं ते दोघांनी मिळून विचारा. तांबीने काहींची पाळी जास्त जाते. रक्त आधीच कमी असेल तर ते बसवतानाच डॉक्टरांना सांगा, दुसरा पर्याय निवडता येतो. घरच्यांना माझं नाव सांगा हवं तर, डॉक्टरने नको म्हटलंय म्हणा.

---

उधना_सुरत

सांगतो. बाळाचा दीड महिन्याचा डोस येत्या बुधवारी आहे, शहाद्यालाच. बायकोला फोन करून ठेवतो, तेव्हाच एचबी आणि सिकलसेल दोन्ही करून घे म्हणून.

---

सातपुड्याची लेक (धडगाव)

तुमचीही सिकलसेल तपासणी सुरतला करून घ्या, दादा. रिपोर्ट आला की इथे लिहा. लागलं तर शहाद्यात कुठे जायचं ते मी सांगते.